र्मा आणि मा: छ्यांगी भाषांचे ध्वनी आणि त्यांच्या नात्याचा प्रश्न

चीनच्या सिचुआन प्रांतात मिन नदीच्या वरच्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांना जग ‘छ्यांग’ म्हणते, पण त्यांच्या स्वतःच्या भाषेत हा शब्द नाही. तो चिनी आहे आणि फार जुना आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजवटीतील अस्थिलेखांतही तो सापडतो, आणि त्या चिन्हात माणसाच्या डोक्यावर मेंढीची शिंगे काढलेली दिसतात. अर्थात त्या काळी चिनी लोक पश्चिमेकडच्या अनेक पशुपालक टोळ्यांना सरसकट हे नाव देत असत, त्यामुळे तेव्हाचे छ्यांग आणि आजचे छ्यांग एकच असे मानता येत नाही. आजच्या लोकांचे स्वतःचे नाव कुठे ‘र्मा’ असे ऐकू येते, कुठे त्यातला र घर्षक, म्हणजे घासून उमटणारा, होऊन ‘झ़्मे’ असा होतो, तर कुठे आरंभीचे व्यंजन पूर्ण गळून नुसते ‘मा’ उरते. एका लहानशा शब्दाच्या या तीन रूपांत या भाषांच्या ध्वनींचा बराचसा इतिहास साठवलेला आहे, आणि त्याच शब्दाने मला या विषयाकडे ओढले.

गेले दीड वर्ष मी रात्री जेवणे आटोपल्यावर तासभर या भाषांविषयी वाचते, फ्रान्समधील पँग्लॉस या खुल्या ध्वनिसंग्रहातील मुद्रणे ऐकते आणि ऐकलेले शब्द देवनागरीत उतरवण्याचा प्रयत्न करते. माझ्या वहीत प्रत्येक अर्थाला एक पान आहे: ‘तीन’, ‘खाणे’, ‘घोडा’, ‘उंच’. या लेखात त्या वहीतले काही मांडते.

‘छ्यांगी’ या नावाखाली साधारण डझनभर भाषा एकत्र केल्या जातात. उत्तर आणि दक्षिण छ्यांग, युन्नानच्या वायव्येपर्यंत पसरलेली फुमी, मुन्या, झाबा, छ्वेयू, ग्वेछ्योंग, अर्सू, नामूयी, शिशिंग, तसेच ग्यालरोंग भाषांचा सगळा गट आणि आठशे वर्षांपूर्वीच्या राज्याची तांगुत ही मृत भाषा, अशी ही यादी आहे. या सर्व भाषा चीनी-तिबेटी कुळातल्या, त्यातही तिबेटी-बर्मी बाजूच्या आहेत, याविषयी वाद नाही. त्या एका वेगळ्या शाखेत बसतात का, यावर मात्र गेली चाळीस वर्षे चर्चा चालू आहे. तो प्रश्न समजण्यासाठी आधी या भाषा कानाने ओळखल्या पाहिजेत, आणि मराठी माणसाच्या कानाला त्याची थोडी तयारी आधीच असते.

‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. ‘चार’मधला च टाळूवर उमटतो, ‘चारा’मधला दातांमागे. ‘जग’ हा शब्द ‘दुनिया’ या अर्थाने म्हटला की ज तालव्य असतो आणि ‘जगून घे’ या अर्थाने म्हटला की दंत्य. आपण हा भेद लिहीत नाही, कारण अक्षर एकच आहे, पण आपल्या बोलण्यात तो कधी चुकत नाही. उत्तर छ्यांगमध्ये हे दोन्ही च आहेत आणि त्यांच्या जोडीला तिसराही आहे, ज्यात जीभ ‘ट’ आणि ‘ष’ उच्चारताना वळते तशी मागे वळते. या तीन जागांवर प्रत्येकी तीन ध्वनी येतात: अघोष अल्पप्राण, अघोष महाप्राण आणि घोष. म्हणजे प, फ, ब यांच्या धर्तीवर तीन जागांचे नऊ ध्वनी एकट्या चवर्गाच्या घरात झाले. आपल्या वर्गातले चौथे अक्षर, घ, झ किंवा भ, तिथे नाही. घोष आणि महाप्राण एकत्र आणणे ही भारतीय भाषांची खासियत आहे, आणि छ्यांग भाषकाला ‘भाकरी’ म्हणताना नक्कीच श्रम पडले असते.

कंठ्य व्यंजनांच्या मागे आणखी एक ओळ आहे, पडजिभेपाशी उमटणारी. उर्दूतला ‘क़लम’मधला क़ हा तो ध्वनी. मी मिरजेची आहे, आणि आमच्याकडच्या दखनीत या क़चा ख़ होतो, त्यामुळे लहानपणापासून ‘ख़लम’च ऐकलेले. छ्यांगमध्ये मात्र असे चालणार नाही, कारण तिथे क, क़, ख़ आणि पडजिभेपाशी घासून उमटणारा आणखी मागचा ख़ हे चारही वेगळे ध्वनी आहेत आणि त्यांच्या अदलाबदलीने अर्थ बदलतो. पडजिभेची ही ओळ तिबेटीच्या बहुतेक बोलींत आणि बर्मीत आढळत नाही, म्हणून ती या भाषांची ओळखखूण मानली गेली.

स्वरांमध्ये मला सर्वांत मोहक वाटतो तो र-युक्त स्वर. स्वर चालू असतानाच जिभेचे टोक वर वळते आणि स्वराला र ची छटा येते. बीजिंगच्या चिनी बोलीत शब्दांच्या शेवटी जे ‘अर्’ ऐकू येते, त्याच जातीचा हा ध्वनी. उत्तर छ्यांगच्या रोंगहोंग बोलीचे व्याकरण रँडी लापोल्ला यांनी ह्वांग छंगलुंग यांच्यासह २००३ साली प्रसिद्ध केले. ह्वांग हे स्वतः या भाषेचे भाषक आहेत. या बोलीत क्रियापदाचा शेवट ‘मी’साठी एका स्वराने होतो, ‘तू’साठी न ने होतो आणि ‘आम्ही’साठी या र-छटेने. आपल्याकडे ‘आम्ही जातो’ यातले ‘आम्ही’ गाळले तर कोण जाते ते नीट कळत नाही. तिथे सर्वनाम गाळले तरी जिभेच्या टोकाच्या एका वळणावरून ‘आम्ही’ कळते. ध्वनिव्यवस्था आणि व्याकरण हे दोन वेगळे कप्पे नाहीत, हे मला या एका उदाहरणाने जितके पटले तितके कोणत्याही क्रमिक पुस्तकाने पटले नव्हते.

दक्षिणेकडे गेले की चित्र पालटते. उत्तर छ्यांगमध्ये सूर नाहीत, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलत नाही. शब्दाच्या आरंभी व्यंजनांची जोडी चालते आणि शेवटीही व्यंजने, कधी दोन-दोन, येतात. दक्षिण छ्यांगमध्ये जोडाक्षरे झिजली आहेत, शेवटची व्यंजने बहुतांश नाहीत आणि सूर आले आहेत, तेही गावागणिक वेगळ्या संख्येने. जोनाथन एव्हान्स यांनी या सुरांचा बारकाईने अभ्यास केला असून चिनी भाषेशी आलेला दीर्घ संपर्क आणि तिच्याकडून उसने घेतलेले शब्द यांचा त्यात वाटा असल्याचे दाखवले आहे.

इथे वाचणाऱ्याची एक गल्लत होऊ शकते, माझीही झाली होती. उत्तरेत व्यंजनान्त शब्द आहेत आणि दक्षिणेत नाहीत, तेव्हा उत्तरेने जुने जपले आणि दक्षिणेने गमावले, असे सहज वाटते. आरंभीच्या जोडाक्षरांबाबत ते खरे आहे, शेवटच्या व्यंजनांबाबत नाही. मूळ तिबेटी-बर्मी शब्दांच्या शेवटी असलेली व्यंजने छ्यांगच्या सर्व बोलींनी केव्हाच गमावली होती. त्यानंतर उत्तरेत दोन अक्षरांच्या शब्दांतील आघात नसलेला स्वर गळू लागला, आणि त्या स्वराआधीचे व्यंजन उघडे पडून शब्दाच्या शेवटी आले. म्हणजे उत्तरेतील व्यंजनान्त शब्द दिसायला पुराणे असले तरी घडण्याने नवे आहेत. हे मला पटकन उमगले ते ‘वीज’ या शब्दामुळे. संस्कृत ‘विद्युत्’ व्यंजनान्त आहे. प्राकृतात अंत्य व्यंजने राहिली नाहीत, म्हणून तिथे ‘विज्जु’ झाले. पुढे मराठीत शेवटचा स्वर गळाला आणि आपण आज ‘वीज्’ असा व्यंजनान्त उच्चार करतो. या ज् चा आणि त्या त् चा थेट वारसा नाही. मधल्या काळात एक दार बंद झाले आणि नंतर दुसरेच उघडले. उत्तर छ्यांगची गोष्ट अगदी हीच आहे.

जोडाक्षरांचा खरा ऐवज पाहायचा तर ग्यालरोंग भाषांकडे वळावे लागते. बारकाम परगण्यात बोलली जाणारी जाफुक ही त्यांतली एक. दहा हजारांहून कमी लोकांची ही भाषा आज या सगळ्या प्रदेशातील सर्वांत तपशीलवार नोंदलेली भाषा आहे, कारण गियोम जाक यांनी दोन दशके तिच्यावर काम करून २०२१ साली तिचे दीड हजारांहून अधिक पानांचे व्याकरण सर्वांसाठी खुले केले. जाफुकमध्ये सूर नाहीत, पण शब्दाच्या आरंभी येणारे व्यंजनसंयोग तीनशेहून अधिक आहेत. ‘तीन’ या अर्थी तिथे जो शब्द आहे तो देवनागरीत ‘ख़्सुम’ असा काहीसा लिहिता येईल. त्यातला उ ओठ गोल न करता म्हणायचा. तिबेटी लिपीत हाच शब्द ‘ग्सुम’ असा लिहितात, पण ल्हासाच्या बोलीत आरंभीचा ग् आता कोणी उच्चारत नाही. तिबेटी लिपीने बाराशे वर्षांपूर्वी कागदावर गोठवलेला उच्चार जाफुकमध्ये आजही जिवंत कानावर पडतो. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मी मुद्रण थांबवून तीन वेळा मागे नेले होते.

आता नात्याच्या प्रश्नाकडे येते. या भाषांची नोंद प्रथम भारतात छापली गेली. ब्रायन हॉजसन यांनी दार्जिलिंगमध्ये राहून, स्वतः त्या प्रदेशात कधीही न जाता, ग्यारुंग, होर्पा, मन्याक आणि थोचू या भाषांच्या शब्दसूची जमवल्या आणि त्या १८५३ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. थोचू म्हणजेच छ्यांग. पुढे १९४०च्या दशकात वेन यू यांनी छ्यांग बोलींवर काम केले. परंतु ‘छ्यांगी शाखा’ ही कल्पना पक्की रुजवली ती सुन होंगखाय यांनी. १९५०च्या दशकात चिनी सरकारने देशभर भाषांच्या पाहणीची पथके पाठवली, त्यांतून ते या खोऱ्यांत आले आणि आयुष्यभर तिथे परतत राहिले. १९८३ साली त्यांनी सहा नद्यांच्या खोऱ्यांतील भाषांचे वर्गीकरण मांडले. नू, लानत्सांग, चिनशा, यालुंग, दादू आणि मिन या त्या सहा नद्या. पूर्वी तिबेटीच्या बोली समजल्या गेलेल्या कित्येक बोली या स्वतंत्र भाषा आहेत, हे त्यांच्यामुळे जगाला कळले. हे ऋण मोठे आहे आणि पुढच्या टीकेने ते कमी होत नाही.

त्यांनी दिलेल्या खुणा अशा: पडजिभीय व्यंजने, विपुल जोडाक्षरे, ‘असणे’ या अर्थाची सजीव आणि निर्जीवासाठी वेगवेगळी क्रियापदे, आणि सर्वांत ठळक म्हणजे क्रियापदाला लागणारे दिशादर्शक उपसर्ग. रोंगहोंग बोलीत असे आठ उपसर्ग आहेत: वर, खाली, नदीच्या वरच्या अंगाला, नदीच्या खालच्या अंगाला, आत, बाहेर, बोलणाऱ्याकडे आणि बोलणाऱ्यापासून दूर. आपणही घाटावरून कोकणात ‘उतरतो’ आणि देशावर ‘चढतो’, पण तिथे क्रिया पूर्ण झाली असे सांगायचे किंवा आज्ञा द्यायची तरी दिशेचा उपसर्ग लावावा लागतो.

अडचण अशी की यांतल्या काही खुणा वारसाहक्काने आलेल्या असू शकतात आणि काही शेजाराने. मराठी आणि गुजराती या दोघींनी संस्कृतातले नपुंसकलिंग राखले, हिंदीने टाकले. म्हणून मराठी आणि गुजराती यांची एक वेगळी शाखा होत नाही, कारण जे दोघींनी फक्त टिकवले ते दोघींना आजीकडून स्वतंत्रपणे मिळालेले असू शकते. शाखा सिद्ध होते ती नव्या बदलांवरून, म्हणजे फक्त त्या भाषांनी मिळून केलेल्या, इतरांनी न केलेल्या बदलांवरून. जोडाक्षरे बहुधा जुनी ठेव आहे. दिशादर्शक उपसर्ग नवे असू शकतात, पण भाषाभाषांत त्यांची रूपे नियमाने जुळत नाहीत, आणि डोंगर-नद्यांच्या प्रदेशात ‘वर’ आणि ‘नदीच्या खालच्या अंगाला’ या अर्थाच्या शब्दांचे उपसर्ग होणे हे शेजाऱ्याकडून शिकण्यासारखे आहे.

हा आक्षेप सर्वांत नेटाने मांडला तो कात्या चिरकोवा यांनी, २०१२ साली, सिचुआनच्या नैर्ऋत्येला असलेल्या मूली परगण्यातील भाषांचा दाखला देऊन. तिथे शिशिंग, नामूयी आणि फुमी शेजारी-शेजारी बोलल्या जातात. त्यांच्या व्याकरणाच्या खुणा एकमेकींशी छान जुळतात, पण मूलभूत शब्द आणि ध्वनींची अनुरूपता पाहिली तर जुळणी तितकी घट्ट राहत नाही. तेव्हा ‘छ्यांगी’पण हे रक्ताचे नाते नसून शेजाराचे असावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

हा युक्तिवाद वाचताना मला पुस्तक बाजूला ठेवावे लागले, कारण मूलीची जागा माझ्या डोळ्यांपुढे कुपवाडने घेतली. आमच्या मिरजेपासून कुपवाड हाकेच्या अंतरावर. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली या गावावर लिहिलेला निबंध जगभरच्या भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. कुपवाडमध्ये कानडी, मराठी आणि उर्दू शतकानुशतके एका वस्तीत नांदल्या आणि त्यांची वाक्ये इतकी सारखी झाली की एका भाषेतल्या शब्दाच्या जागी दुसरीतला शब्द ठेवत गेले की भाषांतर होते. शब्द मात्र ज्याच्या घरचे त्याच्या घरी राहिले. एखादा परदेशी अभ्यासक केवळ वाक्यरचना पाहून कुपवाडची कानडी आणि कुपवाडची मराठी यांना एका शाखेत घालू लागला, तर आम्ही हात जोडून त्याला थांबवू. आपण मराठी लोक द्राविडी भाषांच्या शेजारात राहून ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद नीट पाळतो, तरी आपली भाषा आर्यकुळातलीच आहे. चिरकोवा यांचा मुद्दा आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजायला हवा.

तरीही मला पूर्ण नकार पटत नाही. या यादीतला एक भाग भक्कम पायावर उभा आहे, तो म्हणजे ग्यालरोंगी गट. जाफुक आणि तिच्या बहिणी, ख्रोस्क्याब्स आणि होर्पा यांच्यात क्रियापदाच्या उपसर्गांची आणि धातूच्या बदलांची अशी गुंतागुंतीची जुळणी आहे की ती शेजाऱ्याकडून उचलता येत नाही. तैवानचे सुन थिएन-शिन यांनी हे नाते बारकाईने दाखवले आहे. आणि २०२० साली लाय युनफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांगुत ही भाषाही या गटाच्या पश्चिम फांदीत बसते असे दाखवले.

तांगुतविषयी थोडे थांबून लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १०३८ ते १२२७ या काळात चीनच्या वायव्येला तांगुतांचे राज्य होते. त्यांनी सुमारे सहा हजार चिन्हांची स्वतःची लिपी तयार केली. मंगोलांनी राज्य बुडवले आणि भाषाही काही शतकांत नाहीशी झाली. १९०८-०९ साली रशियन संशोधक प्योत्र कोझलोव्ह यांना वाळूत बुडालेल्या खारा-खोतो शहरात तांगुत ग्रंथांचा प्रचंड साठा मिळाला आणि तो सेंट पीटर्सबर्गला नेण्यात आला. लिपी चिन्हांची असल्याने उच्चार थेट कळत नाही. पण तांगुत पंडितांनी समध्वनी शब्दांचा एक कोश रचला होता, आणि त्याची प्रकरणे आरंभीच्या व्यंजनाच्या उच्चारस्थानानुसार नऊ आहेत: ओठांची, जिभेच्या टोकाची, दातांची, कंठाची, आणि अशीच पुढे. ही मांडणी त्यांनी चिनी ध्वनिशास्त्राकडून घेतली, आणि चिनी ध्वनिशास्त्राने बौद्ध भिक्षूंमार्फत भारतीय शिक्षाग्रंथांच्या, म्हणजे वर्णोच्चाराच्या ग्रंथांच्या, परंपरेकडून. आपण शाळेत जी क, च, ट, त, प अशी वर्णमाला घोकतो, तिचाच हा दूरचा नातेवाईक. त्याखेरीज तांगुतांनी संस्कृत धारणी, म्हणजे बौद्ध मंत्र, आपल्या चिन्हांत लिहून ठेवल्या. बीजिंगच्या उत्तरेला चू-योंग खिंडीतील कमानीवर १३४५च्या सुमारास एकच संस्कृत धारणी रंजना, तिबेटी, फाग्स-पा, उइघुर, चिनी आणि तांगुत अशा सहा लिपींत कोरली गेली. मंत्राचे संस्कृत उच्चार आपल्याला ठाऊक आहेत, म्हणून त्या-त्या तांगुत चिन्हाचा उच्चार मर्यादित करता येतो. मृत भाषेचा आवाज परत मिळवायला मंत्रातले स्वर-व्यंजन उपयोगी पडावे, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

अशा पुराव्यांवरून पुन्हा उभारलेल्या तांगुत भाषेत ‘खाणे’ या धातूचा स्वर ई आहे. तिबेटीत तो ‘झा’, बर्मीत ‘सा’, जाफुकमध्ये ‘न्द्झा’. तांगुतने जुन्या आ चे ई केले. जेम्स मॅटिसॉफ यांनी २००४ साली या बदलाला ‘उजळणे’ अशा अर्थाचे नाव दिले आणि तांगुतला छ्यांगी ठरवताना त्याचा आधार घेतला. मात्र आ पुढे सरकून ई होणे हा बदल अनेक भाषांत आपापला होऊ शकतो, आणि जाफुकने तर तो केलेलाच नाही. एकट्या स्वरबदलावर शाखा उभी करणे मला धोक्याचे वाटते. क्रियापदांच्या रूपांचा पुरावा त्याहून वजनदार आहे.

मग उरलेल्या भाषांचे काय? जाक आणि आलेक्सी मिशो यांनी २०११ साली सुचवले की छ्यांगी, नाशी आणि तिच्या जवळच्या भाषा, आणि लोलो-बर्मी, म्हणजे बर्मी व तिच्या जवळच्या भाषांचा गट, हे सर्व मिळून एक मोठी बर्मी-छ्यांगी शाखा असावी. ही सूचना मला आशादायक वाटते, कारण ती ध्वनींच्या नियमबद्ध अनुरूपतेवर उभी आहे. ग्वेछ्योंग, अर्सू आणि नामूयी यांचे नेमके स्थान मात्र शब्द एकेक करून तपासल्यावरच ठरेल. सरकारी नोंदी या कामी मदत करत नाहीत: उत्तर छ्यांग बोलणारे हैश्वेइ परगण्यातील लोक कागदोपत्री तिबेटी आहेत, आणि फुमी बोलणारे लोक युन्नानमध्ये ‘फुमी’ तर सिचुआनमध्ये ‘तिबेटी’ म्हणून नोंदले गेले आहेत.

काल रात्री वहीत ‘घोडा’ आणि ‘उंच’ ही दोन पाने शेजारी ठेवली. जाफुकमध्ये घोड्याला ‘म्ब्रो’ म्हणतात, आणि उंच असण्यालाही ‘म्ब्रो’च. जुन्या बर्मी लेखनात घोडा ‘म्रङ्’ आहे आणि उंच असणेही ‘म्रङ्’, फरक फक्त सुराचा. एका भाषेतला शेवटचा ‘अङ्’ दुसरीत दोन्ही शब्दांत नेमका ‘ओ’ होतो. त्याच दोन पानांवर फुमी, अर्सू आणि नामूयी यांचे रकाने मी आखून ठेवले आहेत, आणि या आठवड्यात ते भरायला घेणार आहे.